बाटलीचा मान

निमोणे,
१६ जून २०२५

म्हाळूमामा, पाया पडतो.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं अक्षर मुंगीएवढं दिसतं, म्हणून हे पत्र. नाहीतर दहावीच्या पेपरनंतर मी सलग दोन पानं कधी लिहिली नाहीत. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "कुणाला नोटीस पाठवतो का रं?"

मी सध्या चांगुणामामीकडं आहे. तुमचे थोरले भाऊ, हरिबामामा, माघात वारल्यापासून घरात ती एकटीच. रांजणगावची कँटीनची नोकरी सोडली. दिवसभर भात वाढायचा आणि हिंदीत शिव्या खायच्या, त्यापेक्षा मेंढ्या बऱ्या म्हणून एका वाडेकऱ्याबरोबर दोन महिने हिंडलो. परत येताना इनामगावला थांबलो. तिथं नदीकाठच्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडलीत म्हणे. एका रांजणात माणूस मांडी घालून पुरलेला होता. मी विचार करत बसलो की त्याला रांजणात कुणी बसवलं असेल, भावानं का पोरानं, आणि त्यात निमोण्याची एसटी चुकली.

तर मुद्दा राहिला. काल तुमच्या भावकीतले भिमाआबा ओट्यावर येऊन बसले. चांगुणामामीनं चहा दिला. चहा संपवला. मग म्हणाले, "रुद्रा, तुझ्या मामाला कळव. हरिबा गेला, त्याला पोरगा न्हाई. आखाडातला बाटलीचा मान आता म्हाळूचा. यायचं आसल तर यावं. न्हाई आला तर मान आमच्या घरात यील, आन् एकदा आला की माघारी जायचा न्हाई."

मी मेंढ्यांमागं हिंडणारा, मला ही रीत धड माहीत नव्हती. मामीनं सांगितली. आखाडातल्या शेवटच्या मंगळवारी भावकी शिवेवरच्या म्हसोबाला जाते. थोरल्या घरचा माणूस दारूची बाटली उघडतो, दगडावर धार धरतो, पहिला घोट स्वतः घेतो, मग बाटली सगळ्यांत फिरते. त्याचा घोट झाल्याशिवाय बोकडाला सुरी लागत नाही.

मी आबांना म्हटलं, मामा तर घेत नाहीत. बारा-तेरा वर्षं झाली असतील.

आबा म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, कळव. म्हसोबाम्होरं कोरडं राहून कसं भागंल?"

बोलले हसत. पण उठताना चप्पल पायात घालायला त्यांना फार वेळ लागला. काय ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
रुद्र


कासुर्डी,
२२ जून

चि. रुद्रा,

पत्र पोचलं. तुझी मामी ताईबाई म्हणाली, पोराचं अक्षर बघा, मेंढरं पांगल्यावानी. पण वाचता आलं.

मी बरा हाय. गुऱ्हाळ चालू हाय. पावसानं चिपाड वलं झालंय, जाळ धरत न्हाई, म्हणून एका कढईला दोन कढयांचा येळ लागतो. चरकाच्या आवाजानं कान गेले ते गेले, नाक मात्र शाबूत हाय. रस कवा उतरवायचा ते वासावरनं कळतं.

तू बाटलीचं लिहिलंस. वाचून मी पत्र घडी करून टोपीत ठेवलं, दिवसभर काढलं न्हाई.

तुला म्हाईत न्हाई ते सांगतो. मी गाव सोडलं तवा कुणी मला हाकललं न्हाई. कुणी बोलवत नव्हतं एवढंच. लग्नाची चिठ्ठी हरिबाच्या घरी यायची, तिच्यावर माझं नाव नसायचं. पण म्हसोबाला हरिबा दरसाल आपल्या डाव्या हाताची जागा मोकळी ठेवायचा. भिमाआबा म्हणायचे, सरका तिकडं. हा म्हणायचा, म्हाळूची जागा हाय. एवढी वर्षं, मी पिऊन पडलेला आसो का दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला बसलेला आसो, त्यानं ती जागा दुसऱ्याला दिली न्हाई. मला हे त्याच्या दहाव्याला चांगुणावैनीनं सांगितलं.

आता त्याचीच जागा मोकळी हाय. मी न्हाई गेलो तर मी त्याचा कोण?

आन् गेलो तर तो घोट.

दौंडला गुरुवारी आन् रविवारी मीटिंग आसती. महेंद्रशी बोलतो. तो रेल्वेत हाय, मला दारूतनं बाहेर काढलं त्यानंच. मी बोललो का तो वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात उत्तर लिहितो. कान गेल्यापासून आमचं असंच चालतं.

आबांना सांग, निरोप पोचला.

म्हाळू


निमोणे,
२९ जून

मामा, पाया पडतो.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि एकदा मामीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत राहिली, पण एक भाकरी करपली.

इकडं आखाडाची बोलणी चालू झालीत. पारावर आबांनी विषय काढला. त्यांचा पोरगा सुमित तिथंच होता, दुपारीच लावून आलेला. तो म्हणाला, "म्हाळूचुलता येतोय का गुळाचा चहा घेऊन?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. सुमितकडं बघत बसले. सुमितची बायको गिताबाई पाणवठ्याकडनं हंडा घेऊन चालली होती, ती खाली बघून भराभर गेली. आबांच्या घरात हल्ली आवाज फार येतात मामा. असो.

आता ऐका, मी तोड काढली आहे. मला एकदम सुचली, हरिबामामांची पिकअप धुताना. तुमच्याच गुऱ्हाळाची काकवी घ्यायची. पाण्यात पातळ केली की तिचा रंग डिट्टो देशी संत्रा दारूसारखा होतो. देशीची रिकामी बाटली मी घासूनपुसून ठेवली आहे, बूचही नवं मिळवलंय. मंगळवारी बाटली मीच नेणार, भाचा म्हणून ती माझ्याच हातात असते. तुम्ही बूच काढायचं, धार धरायची, घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं. ती पुढं फिरायच्या आधी मी बाटली बदलतो. अंधार नसला तरी गर्दी असते. म्हसोबाला काय, गोडच लागेल. मान राहिला, घोट राहिला, तुम्हीही राहिलात.

मी चव घेऊन बघितली. थोडी सुंठ टाकली तर घसाही जळतो.

हो म्हणून कळवा.

रुद्र


कासुर्डी,
४ जुलै

रुद्रा,

काकवीचं करू नको. बूच परत देऊन टाक.

तू मायेनं केलंस हे मला कळतं. पण ही तोड माझ्याच जुन्या दुकानातली हाय. मी ताईबाईला सांगायचो पाणी पितोय, आन् तांब्यात दारू आसायची. तू बाटलीत पाणी घालून दारू म्हणायला लावतोस. दोन्हीकडनं खोटंच बोलायचं. तोंड वाकडं करायची ॲक्टिंग मला फार चांगली येती, म्हणून तर मला तिचं भ्या वाटतं.

मला खरीच बाटली लागंल. हरिबा न्यायचा तीच, भरलेली, सीलबंद. आबांना सांग, मंगळवारी मी येतोय आन् बाटली मी माझ्या हातानं उघडणार.

जास्त लिहीत न्हाई, कढई उतरायला आलीय.

म्हाळू


दौंड,
१४ जुलै

मामा,

पाया पडायचं विसरलो, पडतो.

तुमचं पत्र वाचलं. खरीच बाटली लागेल म्हणता. माझ्या हातानं उघडणार म्हणता. मी हे आबांना सांगितलं तर ते नुसतंच "बरं" म्हणाले. सुमित मात्र म्हणाला, "बघ, आला का न्हाई लायनीवर." माझ्या डोक्यातून ते जाईना. मला वाटलं, बारा-तेरा वर्षांनी मामांना एक बहाणा मिळाला. देवाचा बहाणा, त्यापुढं कोण बोलणार?

म्हणून काल रविवारी मी दौंडला आलो. सरळ आलो असं म्हणवत नाही. केडगावला एक माणूस घोडी विकत होता, ती बघत थांबलो. पण पोचलो. रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या बाजूला तो हॉल सापडला. आत गेलो तर तुम्ही नाहीत. झालं, म्हटलं, मामा आधीच घसरले.

एक उंच, चष्मेवाले गृहस्थ खुर्च्या लावत होते. मी विचारलं, महेंद्र कोण? ते म्हणाले, "मीच. तू म्हाळूबाचा भाचा ना? नाक तेच हाय. खुर्ची उचल, उभा का?"

मी खुर्च्या लावता लावता सगळं सांगून टाकलं. काकवीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हाळूबानं हे सगळं गुरुवारी इथं सांगितलंय. तुझी काकवी बी सांगितली. आम्ही तवाच हसून घेतलं." मी म्हटलं, मग ते आज कुठं आहेत? तर म्हणाले, एका पोराची दारू पुन्हा सुरू झालीय, त्याच्या घरी गेलेत. त्याच्या उंबऱ्यावर बसलेत सकाळपासून. "तो दार उघडत न्हाई. म्हाळूबाला ऐकू येत न्हाई, त्यामुळं तो आतनं शिव्या देतोय त्याचा बी उपयोग न्हाई. उघडंल संध्याकाळपर्यंत. माझं दार असंच उघडलं व्हतं."

मामा, मी एवढे दिवस समजत होतो की महेंद्रनी तुम्हाला बाहेर काढलं. महेंद्र म्हणतात, मध्ये ते एकदा घसरले, तेव्हा तुम्ही त्यांना काढलंत. तुम्ही हे कधी लिहिलं नाहीत.

मग माणसं आली. मी मागं बसलो. आत जे बोलतात ते बाहेर न्यायचं नाही असं सांगितलं, म्हणून लिहीत नाही. लिहायला हात फार शिवशिवतोय. एवढंच लिहितो की मी तुमची ओळख सांगितली तर तीन माणसांनी मला आपला चहा दिला. तिन्ही प्यायलो. एकजण पोलीसपाटलाच्या घरचा होता, एक हमाल, एक शाळेतले गुरुजी, आणि कप विसळायला त्यांच्यात भांडण. "गुरुवारी तू विसळले, आज मला दे." मी पुष्कळ हिंडलोय, पण कप विसळण्यावरनं भांडणारी माणसं मी बघितली नव्हती.

तरी माझी भीती गेली नाही. महेंद्रना विचारलं, त्यांच्या हातात खरी बाटली येणार, तुम्हाला काही वाटत नाही? ते म्हणाले, "वाटतं की. म्हणून तर आम्ही येतोय." मी म्हटलं, तुम्ही देव मानत नाही म्हणता, मग म्हसोबाला कसे येणार? म्हणाले, "तुमच्या देवाचं मला काय न्हाई. माझ्या माणसाचं हाय."

मामा, रागावू नका. मला ते बघवायचं नाही. श्रीगोंद्याचा कांद्याचा ट्रक हैदराबादला चाललाय, क्लीनर पाहिजे होता, मी हो म्हणून टाकलं. मंगळवारी मी गावात नसणार. बाटली चांगुणामामीकडं ठेवली आहे. सीलबंद. हरिबामामा न्यायचे तीच.

रुद्र


निमोणे,
२४ जुलै

चि. रुद्रा,

हे पत्र निमोण्यातनं लिहितोय, चांगुणावैनीच्या ओट्यावर बसून. तुझा ट्रक कवा माघारी येतो म्हाईत न्हाई, म्हणून इथंच ठेवून जातो.

मंगळवारी सकाळी आम्ही गुऱ्हाळाच्या टेम्पोतनं आलो. मी, ताईबाई, महेंद्र आन् आणखी चारजण. वैनीनं दारातनं भाकरतुकडा वोवाळला. बाटली फडक्यात गुंडाळलेली व्हती. ती मी घेतली. जड लागली. आधी कवा एवढी जड लागली नव्हती, तवा उचलायची घाई आसायची.

म्हसोबाच्या बांधापाशी कुणीतरी म्हणालं, आत फक्त भावकी. भिमाआबांनी माझ्याकडं बघितलं. महेंद्रनं त्यांना हात जोडले, जय भीम केला, आन् म्हणाला, आम्ही बांधावरच बरे, तिथनं म्हाळूबा नीट दिसतोय. हे मला मागनं ताईबाईनं सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की ते पाचजण बांधावर चिखलात वळीनं उभे राहिले.

मी हरिबाच्या जाग्यावर उभा राहिलो. माझ्या डाव्या हाताला मोकळी जागा व्हती, ती मी मोकळीच ठेवली.

सील तोडलं. रुद्रा, वास आला. मी तुला लिहिलं व्हतं, नाक शाबूत हाय. तो वास नाकात गेला आन् सगळं अंग एकदम तरणं झालं. तोंडाला पाणी सुटलं. मी धार धरायला वाकलो तर निम्मी धार दगडावर, निम्मी माझ्या पायावर. धार झाली. आता घोट. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुमितनं तर बाटली घ्यायला हात बी पुढं केलेला.

मी वर बघितलं. बांधावरच्या पाचजणांची तोंडं हलत व्हती. मीटिंगच्या शेवटाला आम्ही जे म्हणतो ते म्हणत व्हते. ऐकू एक अक्षर आलं न्हाई, पण ओठांवरनं मला सगळं कळलं. कोण कुठं चुकतो ते बी कळलं.

मग मी बोललो. माझा आवाज केवढा निघाला मला ठाव न्हाई, भैऱ्याचा आवाज मोठाच आसतो. म्हणालो, देवा, मी बेवडा हाय. आज घेतली न्हाई. मान मला हवाय, घोट मला पेलायचा न्हाई. माझ्या वाट्याचा घोट बी तूच घे. आन् बूचभर दारू दगडावर वतली, आन् बाटली भिमाआबांच्या हातात दिली.

तुझ्या डोक्यात आसंल की मी सगळी बाटली वतून टाकीन. न्हाई. त्यांचा वाटा त्यांचा हाय. मला माझ्या एका घोटाशी मतलब.

मग आबा काहीतरी बोलले आन् सगळे हसले. मी ताईबाईला मागनं विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, "म्हसोबाची चैन हाय यंदा, दोन घोट मिळालं." मग त्यांनी बाटली तोंडाला लावली, पुढं दिली, सुरी चालली. रीत मोडली न्हाई.

जेवताना भावकी एका पंगतीला आन् पाव्हणे दुसरीकडं आसं ताटं मांडलेली. वैनीनं मधलं ताट उचललं आन् दोन्ही पंगती जोडून टाकल्या. महेंद्र भिमाआबांच्या शेजारी आला. दोघं रेल्वेवर बोलत बसले. आबांना म्हणं पोरवयात गार्ड व्हायचं व्हतं.

आन् एक. गिताबाई वाढायला आली तवा तिनं ताईबाईच्या कानाशी लागून विचारलं, तुम्ही त्यांना दौंडला पहिल्यांदा नेलं कसं? ताईबाई म्हणाली, नेलं न्हाई गं, मी एकटीच जाऊन बसले, हे माझ्या मागं आले. गिताबाईनं माझ्या भरल्या ताटात आणखी एक डाव आमटी वतली.

तू बघवत न्हाई म्हणून गेलास, त्याचा मला राग न्हाई. मी पीत व्हतो तवा मला बघवत न्हाई म्हणून गेलेली माणसं पुष्कळ. पण तू जायच्या आधी दौंडला गेलास. माझ्यासाठी कुणी एवढं भ्यायलं, हे मला पुरं.

ताईबाई म्हणती, माघारी आलास का कासुर्डीला ये, गरम गूळ खायला.

म्हाळूमामा


निमोणे,
११ ऑगस्ट

मामा, पाया पडतो.

हैदराबादचं नंतर लिहितो. तिथं मला एक बिर्याणीवाला भेटला, तो मूळचा बारामतीचा निघाला, त्याची गोष्ट मोठी आहे. आल्या आल्या ओट्यावर तुमचं पत्र मिळालं. तिथंच बसून वाचलं. मामी म्हणाली, जेव आधी. मी म्हटलं, जेवतो. मग परत वाचलं.

काल दौंडला मी पिकअप घेऊन आलो होतो ते तुम्ही बघितलंच. पण तुम्हाला जे ऐकू गेलं नाही ते लिहायला बसलोय.

गिताबाई परवा मामीकडं आली आणि म्हणाली, "रविवारी मी जाणार. कुणी येऊ ना येऊ." मी म्हटलं, गाडी आहे, सोडतो. सकाळी बघतो तर सुमित पिकअपच्या मागं फाळक्याला टेकून बसलेला, तोंड लोंबतंय, पण बसलेला. आणि पुढं माझ्या शेजारी भिमाआबा. म्हणाले, "मला दौंडात पेंड बघायची हाय." आबांना दावणीला एक म्हैस नाही, पेंड कुणाला ते मी विचारलं नाही.

हॉलपाशी गिताबाई उतरली, पदर सारखा केला आणि मागं न बघता आत गेली. सुमित थोडा वेळ बूट बघत बसला, मग तोही गेला. आबा गाडीतच. आतून तुमचा आवाज येत होता. तुम्ही बोलायला उभे असाल तेव्हा. भिंतीतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज.

आबा म्हणाले, "काय सांगतोय ह्यो?"

मी म्हटलं, आतलं बाहेर सांगत नाहीत आबा.

"मग मला कळायचं कसं?"

"आत बसून."

"मी काय बेवडा हाय?"

"बाप म्हणून बसा की. ताईबाईमामी बायको म्हणून बसतात."

त्यांनी तंबाखू थुंकली, पटका सोडून नीट बांधला आणि गेले. मी गाडी लावून मागून गेलो. पुढचं तुम्हाला दिसलंच. तुम्ही बोलता बोलता थांबलात, आणि काही न म्हणता जाऊन चहा आणलात. आबांच्या हातात कप देताना तुम्ही खाली वाकलात, तेव्हा ते काहीतरी पुटपुटले. तुम्ही मान हलवलीत, पण ऐकू आलं नसणार. मलाही आलं नाही.

परत येताना पारगावच्या पुलापर्यंत आलो. मागं सुमित झोपला होता. गिताबाई त्याच्या डोक्याखाली आपली पिशवी देऊन बसली होती. पुलावर ट्रॅक्टर आडवा होता, म्हणून थांबलो. तेव्हा आबा समोर बघत म्हणाले,

"म्हाळूला कागद लिही. त्याला सांग, यंदाचा मान मी रीत म्हणून दिला. हरिबाच्या मागं तोच व्हता, दुसरा कोण व्हता, म्हणून दिला."

मी म्हटलं, लिहितो.

"थांब, पुरं ऐक. पुढच्या आखाडाला बोलवायला मी सोता कासुर्डीला येणार. तवा देईन तो मी देईन, रीत न्हाई."

ट्रॅक्टर बाजूला झाला. मी गाडी काढली.

रुद्र